दुपारची हाक

चासबियाच्या आवाजाबद्दल वस्तीत दोन मतं नव्हती. तिनं आपल्या बेटावरून नवऱ्याला चहाला बोलावलं, की शेजारच्या बेटांवरचे नवरेही उगीच उठून उभे राहत. बोरूच्या भिंतींना आवाज अडवायचं बळ नसतं. त्यामुळे तिच्या घरात काय शिजलं, काय करपलं आणि कशावरून वाजलं हे सगळ्यांना जेवणाआधीच ठाऊक असे. तिचा नवरा जहैश हा शांत माणूस. जहैश म्हणजे गाढवाचं शिंगरू. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून याला तरी कुणाची दृष्ट लागू नये अशा बेतानं आईनं ठेवलेलं नाव. "दृष्ट नाही लागली, चासबिया मिळाली," असं तो स्वतःच सांगे आणि मिशीत हसे.

पण तोच आवाज संध्याकाळी म्हशींसाठी निघाला की कुणी हसत नसे. होरच्या, म्हणजे बोरूनं भरलेल्या त्या अफाट दलदलीच्या, पाण्यात म्हशी सकाळी आपणहून उतरतात, दिवसभर बोरूच्या रानात चरतात, आणि दिवस कलला की मालकिणीच्या हाकेवर पोहत घरी येतात. प्रत्येक घराची हाक वेगळी, आईकडून मुलीला मिळालेली. चासबियाची हाक खालच्या पट्टीत सुरू होई, कुणाला झोपवावं तशी, मग एकदम वर चढे आणि शेवटी तुटे. हाकेचा एकच नियम होता. म्हैस आली की तिला काहीतरी द्यायचं. मूठभर आंबोण, नाहीतर तिचं रेडकू, आणि काहीच नसेल तर कपाळावर हात तरी. रिकाम्या हाकेला बायका खोट्या शपथेइतकंच वाईट समजत.

तिला ही हाक आईनं शिकवली तेव्हा आसपास एकही म्हैस नव्हती. चासबिया लहान असताना सरकारनं बांध घालून पाणी तोडलं, होर सुकून पांढरा पडला आणि सगळी वस्ती शहराच्या कडेला, वीटभट्ट्यांच्या धुरात जाऊन राहिली. तिथं आई रोज संध्याकाळी तिला दारात उभी करून हाक म्हणून घ्यायची. शेजारी भिंत बडवायचे.

"कुणाला बोलावताय? भट्टीतल्या विटा येणार आहेत का पोहत?"

"तू वर घे आवाज," आई म्हणायची. "त्यांना काय कळतंय!"

पुढं बांध फुटले, पाणी परतलं, बोरू उगवला. माणसंही परतली, पण आई तेवढी जगली नव्हती. चासबियानं जहैशबरोबर बोरूचे थर टाकून बेट रचलं, म्हशी केल्या, दोन मुली वाढवून लग्नं करून दिली. आणि आता गेल्या दोन-तीन वर्षांत पाणी पुन्हा आटत, खारट होत चाललं होतं. एकेक घर आपला कळप विकून शहराकडे निघालं होतं. चासबियाकडे आठ म्हशी उरल्या होत्या. त्यांची पुढारीण कहला, मोठी, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांची. ती उठली की बाकीच्या उठत, ती पाण्यात उतरली की उतरत. कहला आहे तोवर कळप आहे, कळप आहे तोवर आपण इथं आहोत, असा चासबियाचा सरळ हिशोब होता. वीटभट्टीजवळ परत जायच्या नुसत्या विचारानं तिला जेवण जात नसे.

त्याच सुमारास तिच्या भावाचा मुलगा रिसन बसऱ्याहून शिकून परतला. शहाणा, गोड बोलणारा, आणि डोक्यात एकच खूळ. म्हणे होर वाचवायचा तर लोकांनी तो बघायला यायला हवा. पक्षी, म्हशी, बोरूची घरं. येणाऱ्यांनी घाण करायची नाही, आत इंजिनाच्या होड्या आणायच्या नाहीत, आणि आपणही पक्ष्यांवर बंदुका चालवायच्या नाहीत, पाण्यात विजेची तार सोडून मासे मारायचे नाहीत. म्हणजे होर टिकेल आणि चार घरांना काम मिळेल.

यावर हाजी शनावाच्या मदीफमध्ये, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या त्यांच्या मोठ्या बोरूच्या बैठकीत, रण पेटलं. हाजी सगळ्यात वडीलधारे.

"पाहुण्याला जेवायला घालायचं आणि वर हात पुढे करायचा? त्यापेक्षा माझं मदीफ पेटवून द्या!"

"हाजी, ते पाहुणे नाहीत. पर्यटक आहेत."

"मग त्यांना जेवायला कशाला घालायचं?"

 शेवटी रिसननं समोरच्या काठावर, चासबियाच्या बेटाला लागूनच, वेगळा धक्का बांधला आणि वेगळं मदीफ उभारलं. हाजींच्या काठावर उतरेल तो पाहुणा, रिसनच्या काठावर उतरेल तो पर्यटक. बगदादहून आलेल्या काही हुशार लोकांनी आधी हाजींकडे फुकट मासा झोडला आणि मग ते तृप्त होऊन रिसनकडे पक्षी बघायला गेले. हाजींना त्यातही आनंदच झाला.

तार टाकून मासे मारणारी पोरं मात्र धुसफुसत. "बगळे मोजायला येणाऱ्यांसाठी आम्ही उपाशी राहायचं काय?" त्यांचंही खोटं नव्हतं. काम मिळालं ते होडीवाल्यांना आणि मदीफमध्ये रांधणाऱ्यांना. चासबियाच्या वाट्याला आल्या-आल्या द्यायचा नाश्ता आला. तांदळाची भाकरी, खजुराचा पाक आणि कहलाच्या दुधाच्या सायीचा बोटभर थर. पाहुणे बोटं चाटत आणि म्हणत, "खाला, किती शांत आहे हो इथं! तुम्हाला कसली म्हणून काळजी नाही!"

"आहे की," ते गेल्यावर जहैश म्हणे. "हे कधी जाणार याची."

एकच तक्रार असे. लोक यायचे ते उन्हं चढल्यावर, आणि तोवर म्हशी बोरूच्या रानात दिसेनाशा झालेल्या असत. रिसननं सगळीकडे फोटो लावले होते ते पोहणाऱ्या म्हशींचे, आणि धक्क्यावर उतरलेला माणूस आधी तेच विचारी. म्हशी कुठं आहेत?

"आत्या," एका शुक्रवारी रिसन काकुळतीला येऊन म्हणाला, "एकदाच हाक मार ना. दुपार आहे, मला कळतंय. पण लांबून आलेत गं बिचारे."

"दुपारी म्हशी खोल पाण्यात अंग थंड करत असतात. तुला कुणी भर झोपेतून उठवलं तर चालेल?"

"मी आंबोण आणून ठेवलंय. रिकामी नाही होणार तुझी हाक."

म्हणून तिनं हाक मारली. धक्क्याच्या टोकाला उभी राहून, कमरेवर हात ठेवून. बराच वेळ काही झालं नाही. मग पलीकडचा बोरू हलला, आणि कहलाचं काळं डोकं पाण्यावर आलं. तिच्यामागे एकेक करून सगळ्या. धक्क्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईनं रडत चासबियाला मिठी मारली. आयुष्यात चासबियाच्या आवाजासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आजवर सगळ्यांनी कानच झाकले होते. त्या रात्री ती जहैशला एकदाही ओरडली नाही, तेव्हाच त्याला काळजी वाटली.

मग ते नेहमीचंच झालं. आधी फक्त शुक्रवारी, मग ज्या दिवशी होडी येईल त्या दिवशी, म्हणजे हिवाळाभर जवळजवळ रोज. माणसं आता तिची हाक फोनवर ऐकून येत. "ती हाकवाली खाला कुठं आहे?" असं विचारत. चासबिया धुतलेला झगा घालू लागली. शेजारची वबरिया गोवऱ्या थापता थापता म्हणाली, "काय गं, अस्वलवाला अस्वल नाचवतो तशी म्हशी नाचवायला लागलीस?"

"जळतेस," चासबिया म्हणाली.

"जळते तर खरीच. पण तुझं दूध कमी झालंय, ते जळून नाही."

ते खरं होतं. दुपारची विश्रांती मोडली की म्हैस पान्हा चोरते, हे चासबियाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला कळत होतं आणि ती हाक मारत होती, दोन्ही खरं. टाळ्यांची सवय फार लवकर लागते. वर स्वतःला सांगायला कारणही होतं. हे लोक येत आहेत म्हणून रिसन इथं आहे, होरचं नाव निघतंय. माझ्या हाकेनं होर वाचतोय.

वसंत संपत आला तसं पाणी झपाट्यानं उतरलं. धक्का आणि समोरचं बोरूचं रान यांच्यामधल्या ज्या पाण्यातून म्हशी पोहत यायच्या, तिथं आठवड्याभरात गाळ उघडा पडला. वरून उन्हानं पापुद्रा धरलेला, आत माणूसभर खोल लोणी. होरमध्ये पाण्यात कुणी बुडत नाही, गाळात जातात, हे इथलं पोरही जाणतं. चासबियानं दुपारची हाक बंद केली. संध्याकाळी ती होडी घेऊन मागच्या खोल पाण्यानं वळसा घालून रानापलीकडे जाई, तिथून हलकेच हाक मारी आणि म्हशींना होडीमागे त्याच वाटेनं घरी आणी. कहला गाभण होती, दिवस भरत आले होते. जहैश रोज तिच्या पोटावरून हात फिरवायचा.

त्या शुक्रवारी रिसन सकाळीच आला. दोन होड्या भरून लोक येणार होते, आणि त्यांत पाणी कुठं सोडायचं हे ठरवणाऱ्या कचेरीतली दोन माणसं होती.

"आत्या, त्यांच्या लेखी इथं कुणी राहतच नाही. नुसती दलदल. त्यांना एकदा कळायला हवं की इथं माणसं आहेत, जनावरं आहेत."

"मग हाजींकडे ने, मासा खाऊ घाल. म्हशी नाही आणणार मी. तो गाळ बघ आधी."

"म्हशी नकोच आणू! नुसती हाक ऐकव. म्हशी पार पलीकडं खोल पाण्यात आहेत. वाराही तिकडून इकडं आहे. त्यांना ऐकूसुद्धा जाणार नाही."

जहैश बोरू कापायला निघाला होता. तो होडीत पाय ठेवता ठेवता थांबला.

"रिकामी हाक मारणार तू?"

"ऐकूच गेली नाही तर ती हाक कसली? ते गाणं झालं."

"तुझ्या आईला विचार ते गाणं का हाक."

"आईला पाणी हवं होतं," चासबिया फणकारली. "तेच आणायचं बघतेय मी. तू आपला बोरू काप."

तो बांबूनं होडी रेटत मागच्या पाण्यानं निघून गेला.

पहिली होडी दुपारी आली. कचेरीतल्या दोघांपैकी एक जाडसर, घामाघूम गृहस्थ होता. दुसरी एक तरुण बाई, काळा चष्मा लावलेली, मनापासून आलेली. तिनं चासबियाचे दोन्ही हात हातात घेतले. "खाला, मी तुमची हाक मुलीला रोज ऐकवते. ती त्याशिवाय झोपत नाही."

अशा माणसाला नाही कोण म्हणणार? चासबियानं समोर पाहिलं. गाळ उन्हात चकाकत होता, पलीकडे बोरू मुकाट उभा. वारा तोंडावर येत होता. तिनं डोक्याचं काळं कापड सारखं केलं आणि हाक मारली. नेहमीपेक्षा हळू मारायचं ठरवलं होतं. पण हाक एकदा वर चढायला लागली की ती अर्ध्यावर कशी थांबवायची हे तिला माहीत नव्हतं.

बोरू लगेच हलला.

तिला क्षणभर समजलंच नाही. मग सगळं एकदम लक्षात आलं. म्हशी खोल पाण्यात नव्हत्याच. हिवाळाभर रोज दुपारी हाक आली होती, आंबोण मिळालं होतं. हाक बंद झाली तरी त्या रोज दुपारी येऊन रानाच्या कडेला, तिच्या समोर उभ्या राहत होत्या. तिचीच वाट बघत. संध्याकाळी पलीकडून नेणाऱ्या चासबियाला ते कधी दिसलंच नव्हतं.

कहला पुढं आली. तिनं गाळाचा वास घेतला, एकदा थांबली, कान टवकारून धक्क्याकडे पाहिलं. आणि मालकीण समोर उभी आहे हे पाहून तिनं पाय टाकला.

पापुद्रा फुटला. दहा-बारा पावलं ती रेटत आली आणि मग जुन्या पाण्याच्या मधोमध, जिथं गाळ सगळ्यात खोल, तिथं पोटापर्यंत गेली.

"बघा, बघा, कशी डुंबतेय!" कुणीतरी म्हणालं. फोन वर झाले. दोघं-तिघं हसले. ती तरुण बाई म्हणाली, "किती सुखी आहे ती!"

"मागं फिर!" चासबिया ओरडली. "कहला! मागं! येऊ नको!"

पण म्हशींना शब्द कळत नाहीत, आवाज कळतो. आणि तो आवाज तिचाच होता. कहलानं जोर करून आणखी पुढं यायचा प्रयत्न केला आणि छातीपर्यंत रुतली. तिच्यामागे बाकीच्या सात रानातून बाहेर आल्या. पहिलीचा पाय गाळाच्या कडेवर पडला. चासबिया आणखी जोरात ओरडली, तशी ती आणखी एक पाऊल पुढं आली. 'या' म्हणायची हाक होती, दूध काढायची होती, रेडकाला पाजायची होती. 'येऊ नको' म्हणायची हाक कुठल्याच घरात नव्हती. कुणाला कधी लागलीच नव्हती.

हे उमगलं तेव्हा तिनं डोक्याचं कापड ओढून त्याचा बोळा आपल्या तोंडात कोंबला.

आवाज थांबला. सात म्हशी थांबल्या. कडेला उभ्या राहून, कान पुढं करून वाट पाहू लागल्या.

रिसनला आता कळलं होतं. त्यानं होडीवाल्यांना दोर आणायला पिटाळलं, मदीफच्या चटया उपसल्या, एकावर एक गाळात टाकल्या आणि त्यांवरून पोटावर सरपटत कहलापर्यंत पोचला. शिंगांना दोर बांधला. धक्क्यावरून सात-आठ जण ओढू लागले. त्यांत तो कचेरीतला जाडसर गृहस्थही होता, बूट काढून, लालबुंद होऊन ओढत होता. पाहुणे वाईट माणसं होती असं कुणी म्हणू नये. कहला हात-दीड हात हलली आणि परत खचली. तिच्या पोटातल्या वजनानं तिला खाली धरलं होतं. ऊन माथ्यावर होतं. ती रेकली नाही. मान वर धरून ती फक्त चासबियाकडे बघत होती.

"आत्या, हाक मार!" रिसन चिखलातून ओरडला. "आमच्या ओढण्यानं नाही होत, तिनं जोर लावायला हवा! तुझी हाक ऐकली तर लावेल ती! मार हाक!"

लावला असता. चासबियाला ते त्याच्याहून जास्त माहीत होतं. या म्हशीनं बाळंतपणाच्या कळा सोसतानाही तिच्या हाकेला मान वळवली होती. आणि कडेला सात जणी उभ्या होत्या, एक पाय उचललेला, एका आवाजाच्या अंतरावर.

तिनं मान हलवली. दोन्ही हातांनी बोळा तोंडावर दाबून धरला.

"आत्या!"

ती धक्क्याच्या फळीवर गुडघ्यांवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घशातून आवाज फुटू नये म्हणून ती कापड दातांनी चावत होती. मागं ती तरुण बाई कुणाला तरी म्हणाली, "हाक का मारत नाही ही? हिला काहीच वाटत नाही का?" चासबियाला ते स्वच्छ ऐकू आलं. तिनं वळूनही पाहिलं नाही.

गलका ऐकून जहैश मागच्या पाण्यानं होडी पळवत निघाला होता. तो वळसा लांबचा. रानापलीकडे त्याचा बांबू दिसला, मग बोरू फोडून तो म्हशींच्या मागं आला, पाण्यात उतरला, आणि काही न ओरडता एकेकीच्या मानेला हात घालून तिला खोल पाण्याकडे वळवू लागला. जहैशच्या हाताची त्यांना ओळख होती. एक वळली, दुसरी वळली. त्याला घाई करता येत नव्हती. चासबिया एकदा त्याच्याकडे बघे, एकदा कहलाकडे. कहलाची मान हळूहळू खाली येत होती. नाकपुड्या गाळाला लागल्या. रिसननं दोन्ही हातांनी तिचं तोंड वर धरलं होतं आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

शेवटची म्हैस बोरूआड गेली. जहैशनं लांबून बांबू उंच धरला.

चासबियानं बोळा काढून फेकला आणि हाक मारली. आईनं भट्टीच्या धुरात शिकवलेली, सबंध, जेवढी छातीत होती तेवढी. खालून सुरू होऊन वर चढलेली आणि शेवटी तुटलेली. कहलाचा कान हलला नाही. तिनं पुन्हा मारली. रिसननं तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं डोकं सावकाश खाली ठेवलं.

दुसरी होडी तेवढ्यात धक्क्याला लागत होती. त्यातल्या लोकांना काय झालंय ते दिसलं नव्हतं. ज्या हाकेसाठी ते इतक्या लांबून आले होते, ती त्यांना ऐकू आली, आणि होडीत उभं राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या.